कान दाखवायचं कलम

मी कलम नऊ बोलतोय. मेंढरांच्या एका करारनाम्यातलं, शेवटून दुसरं. माझ्या आधीची कलमं सभ्य आहेत. पहिलं दोन्ही पक्षांची ओळख करून देतं, पाचवं कोकरांची वाटणी सांगतं, सातवं औषधपाण्याचं बघतं. माझ्या पोटात मात्र नुसता धिंगाणा आहे. पूर, आग, वीज, भूकंप, दंगल, युद्ध, रोगराई. सही करताना मला कुणी नीट वाचत नाही. वाचणारा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि पान उलटतो. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचं जनावर वाहून गेलं, म्हणजे मग माझी शोधाशोध सुरू होते.

स्वभावानं मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्या पोटात इतकी संकटं कोंबली आहेत त्यानं गोड बोलावं तरी कसं?

माझा जन्म कागदावर झाला नाही. आमच्या घराण्याचं नाव जुनं आहे, अस्मानी-सुलतानी. आभाळातून कोसळतं ते अस्मानी, आणि राजा किंवा त्याची माणसं आणतात ते सुलतानी. दोन्हीपुढं माणसाचा इलाज चालत नाही, म्हणून दोन्हीत माणसाचा दोष धरायचा नाही, एवढंच आमचं म्हणणं. माझे पूर्वज राजेरजवाड्यांनी लिहून दिलेल्या मोठमोठ्या कौलनाम्यांत बसून गेले. माझ्या वाट्याला आलं मोडनिंबजवळचं एक रान, तूर काढून मोकळं झालेलं, आणि बांधावर बसलेली दोन माणसं. एक रानाचा मालक कोंडीबा. दुसरा मंगळवेढ्याकडचा धनगर मायाप्पा, जो दरसाल त्या वाटेनं मेंढरं घेऊन जायचा आणि खतासाठी कोंडीबाच्या रानात बसवायचा.

कोंडीबाला मेंढरांची हौस होती, पण त्यांच्यामागं रानोमाळ हिंडायला सवड नव्हती. म्हणून त्यानं आपल्या काही मेंढ्या मायाप्पाला अर्धलीनं दिल्या. म्हणजे मेंढी कोंडीबाची, राखण मायाप्पाची आणि होतील ती कोकरं निम्मी-निम्मी. सगळं बोलून झालं, तंबाखू मळून झाली आणि मायाप्पानं जाता जाता विचारलं, लांडग्यानं नेली, वीज पडली, पाण्यानं वाहून गेली तर काय करायचं, अण्णा?

“त्यात तुजा काय दोस?” कोंडीबा म्हणाला. “कान दाव आन् मोकळा हो.”

हा माझा जन्म. ना स्टॅम्पपेपर, ना साक्षीदार. थुंकी टाकायला लागतो तेवढा वेळ लागला.

कानाचं काय ते सांगायला हवं. आमच्याकडं मेंढी कानावरून ओळखतात. ज्याची त्याची खूण ठरलेली असते. कोंडीबाची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला उभी चीर. मेंढी मेली की धनगर तो कान कापून ठेवतो आणि मालकाच्या दारात आणून दाखवतो. मी ती विकून खाल्ली नाही, एवढंच त्याचं सांगणं असतं. कोंडीबाची बायको सारजाबाई कान उलटापालटा करून बघायची, कुत्र्यापुढं टाकायची आणि चुलीवर चहा ठेवायची. धनगरानं चहा प्यायला की विषय मिटला. माझं कामही तिथंच संपायचं.

माझा पहिला खरा दिवस उजाडला तो रक्तानं. मंगळवेढ्याच्या माळावर दिवस मावळायला लांडग्यांची जोडी वाघरीत शिरली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी. आत नुसता चेंदामेंदा सुरू झाला. मायाप्पा काठी घेऊन मध्ये पडला तर एकानं त्याची पोटरीच धरली. त्याचा मुलगा धुळाप्पा तेव्हा ऐन पंचविशीतला. त्यानं गोफण टाकून दिली, हातात धोंडा घेतला आणि लांडग्याच्या टाळक्यात घालतच राहिला. लांडग्यानं जबडा सोडला तेव्हा त्यात मांस होतं. तेवढ्यात दुसरा लांडगा एक मेंढी मानेला धरून जो गेला तो गेलाच. माग काढला, पण लोकरीशिवाय काही सापडलं नाही. ती नेमकी कोंडीबाची मेंढी.

मायाप्पा लंगडत मोडनिंबला आला. पोटरीला फडकं, फडक्याला रक्त. खालमानेनं म्हणाला, आक्का, कान न्हाय गावला. मी दम धरून बसलो होतो, कारण माझ्यात तर ‘कान दाव’ असंच म्हटलेलं. सारजाबाईनं त्याच्या पोटरीकडं बघितलं.

“कान ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “तू आलास न्हवं? मंग झालं की.”

आणि तिनं चहा ठेवला. त्या दिवशी मला माझाच अर्थ नीट कळला.

पुढं सुलतानीही बघितली. एका गावानं मेंढरं रानातून हुसकली, दगड मारमारून हायवेवर घातली आणि मागून आलेला ट्रक खांडातून, म्हणजे सबंध कळपातून, आरपार गेला. डांबरावर आतडी पसरली होती. धुळाप्पानं ट्रक अडवला, तर गावचीच पोरं काठ्या घेऊन आली आणि त्याचं डोकं फोडलं. टाके पडलेल्या डोक्यानं तो कान घेऊन आला. चहा झाला, मिटलं. मी असा तोंडातोंडी जगलो आणि चांगला जगलो.

मग मायाप्पा गेला. काही वर्षांनी कोंडीबाही गेला. मेंढरं धुळाप्पाकडं राहिली. त्याची बायको चिमाबाई, मुलगा सिद्धराम, सामान लादलेलं घोडं आणि पुढं खांड, असं त्यांचं बिऱ्हाड फिरत राहिलं. सिद्धरामची बायको दिपाली तान्ह्या लेकराला घेऊन गावाकडं असायची. कोंडीबाचा मुलगा युवराज एव्हाना जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहत होता. बायको पायल आणि आई सारजाबाई त्याच्याजवळ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात तो ऑफिसात होता. परदेशी माल पाठवायचे कागद तोच बघायचा.

युवराज वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं होतं, नुसतं चिडायचं. धुळाप्पाला तो मामा म्हणायचा, दिवाळीला त्याच्यासाठी चादर काढून ठेवायचा. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या चन्नप्पानं विचारलं, मेंढरं तुमची, हिंडतात त्याच्याबरोबर, आणि लिहून काहीच नाही? मग हसून म्हणाला, दरसाल लांडगा खातो म्हणे, लांडगे राहिलेत कुठं आता? चन्नप्पाला मायाप्पाची पोटरी दाखवायला हवी होती. पण मायाप्पा नव्हता, आणि संशयाचं असं असतं की तो एकदा डब्यात पडला की भाजी कितीही चांगली असो, घशात अडकतोच.

युवराजनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टॉवेलचा परदेशी करार उघडला आणि त्यातलं आमच्याच घराण्यातलं एक कलम उचलून मेंढरांच्या करारात आणून ठेवलं. म्हणून माझ्या अंगावर युद्ध आहे, नाकेबंदी आहे, समुद्री वादळ आहे, बंदरातला संप आणि चाचेगिरीसुद्धा आहे. मग त्याला कोंडीबाचा शब्द आठवला आणि शेवटी त्यानं आपल्या हातानं एक वाक्य जोडलं. ते असं: ‘मात्र मृत जनावराचा खुणेचा कान सादर केल्याखेरीज ते जनावर दैवी आपत्तीत गेले असे मानले जाणार नाही व मेंढपाळाने ते परस्पर विकले असे समजण्यात येईल.’

बापाचा शब्दच आपण कागदावर आणला, अशी त्याची समजूत. बापानं शब्दाबरोबर काय काय दिलं होतं ते लिहायचं राहून गेलं.

वाचन फ्लॅटच्या हॉलमध्ये झालं. धुळाप्पा खुर्ची असताना फरशीवर बसला होता. चाचे म्हणजे काय रं बाळ, असं त्यानं विचारलं. समुद्रावरचे दरोडेखोर, असं कळल्यावर तो मिशीत हसला. म्हणाला, आमची मेंढरं सांगोल्याच्या पुढं जात न्हाईत, तवा समिंदराचं तू बग. पायलसुद्धा हसली. मग ते शेवटचं वाक्य आलं आणि धुळाप्पाचं हसू मिशीतच राहिलं.

आतून सारजाबाईनं विचारलं, “आन् पान्यानं न्हेली तर रं?”

“पाण्यानं नेलेलं कुठंतरी अडकतंच, आई. शोधायचं.”

धुळाप्पानं सही केली. कोऱ्या जागेपेक्षा मोठी, वेडीवाकडी. तोवर तो युवराजला बाळ म्हणत होता. निघताना पायरीवर चपला घालत म्हणाला, येतो, सायब. युवराजच्या ते लक्षातही आलं नाही.

माझ्या दोन प्रती झाल्या. एक युवराजच्या ऑफिसच्या बॅगेत. दुसरी चिमाबाईनं पेढ्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून धुळाप्पाच्या बंडीच्या आतल्या खिशात घातली. त्यामुळं दोन्हीकडचं मला दिसत राहिलं. धुळाप्पा येता-जाता खिसा चाचपायचा. ते प्रेमानं नव्हे. खिशात विंचू असला तर माणूस जसा चाचपेल तसा.

त्याच उन्हाळ्यात एक म्हातारी मेंढी रोगानं मेली. धुळाप्पा कान घेऊन एसटीनं जुळे सोलापूरला आला. सारजाबाई देवळात गेली होती. युवराजनं मोबाईलवर कानाचा फोटो काढला, चांगलं झालं म्हणाला आणि कान कचऱ्याच्या गाडीत गेला. युवराजला मीटिंग होती. चहाचं राहिलं. धुळाप्पा तसाच परत आला आणि सिद्धरामला म्हणाला, “कान इसरायचा न्हाय. आपल्या घरान्यात कुनी चोर न्हवतं.” हे तो पुढं रोज म्हणू लागला. भाकरी खाताना, मेंढरं धुताना, झोपताना. चिमाबाई वैतागायची. सिद्धराम मात्र ऐकून घ्यायचा.

भाद्रपद सरत आला तेव्हा आभाळ फाटलं. खांड मोडनिंबच्या अलीकडं एका ओढ्याकाठच्या रानात बसलेलं होतं. दुपारची वेळ. पाऊस जरा थांबला होता म्हणून चिमाबाई ओली लाकडं फुंकत होती. आणि वरच्या अंगाला पाझर तलावाचा बांध फुटला.

आधी आवाज आला. मग ओढ्याच्या वळणावरून पाणी आलं, पण ते पाण्यासारखं नव्हतं. तांबडी भिंतच चालत आली. तिच्यात बाभळी होत्या, कडब्याच्या पेंढ्या होत्या, कुणाची म्हैस पाय वर करून गरगरत होती. घोड्यानं दावं तोडलं. वाघर एका झटक्यात गोळा होऊन आतल्या मेंढरांसकट गेली. राहिलेली मेंढरं सिद्धराम आणि धुळाप्पानं काठ्यांनी, लाथांनी, मिळेल तसं बडवत टेकाडाकडं हाणली. निम्मी चढली. पण म्होरक्या मेंढा बिथरून खाली वळला आणि मेंढराची जात ती, त्याच्यामागं एकेक करून पाण्यात उतरत गेली. चिमाबाई शेपट्या धरून ओढत होती. हातात लोकर राहायची, मेंढी जायची.

खालच्या बाजूला डाळिंबाची बाग होती आणि तिला काटेरी तारेचं कुंपण. वाहत गेलेली मेंढरं त्या तारेवर जाऊन आदळली आणि तिथंच अडकली. काहींची पोटं फाटली. काही बुडून मेली. काही जिवंत होती, नाकं वर काढून ओरडत होती. तिघं टेकाडावर उभे होते, ओलेचिंब पण धड. अंगावर खरचटण्यापलीकडं काही नाही. मी धुळाप्पाच्या छातीशी होतो, त्याचं काळीज कसं हाणत होतं ते मला लागत होतं. मला वाटलं, झालं. माणसं आली. आता चहा.

धुळाप्पानं खिसा चाचपला.

“कान,” तो म्हणाला. आणि कमरेचा चाकू काढून खाली उतरायला लागला.

सिद्धरामनं त्याला मागून धरलं. बापलेकांची झोंबाझोंबी झाली, खरोखरची. चिखलात दोघं पडले. धुळाप्पा सांगत होता, तारंवरची उद्या ऱ्हायची न्हाईत, मंग काय दावू त्याला? सिद्धरामनं बापाच्या मनगटावर गुडघा ठेवून चाकू काढून घेतला. बिऱ्हाड बांधायचा दोर कमरेला आवळला, दुसरं टोक लिंबाला बांधलं आणि म्हणाला, “तू म्हातारा हायस. मी जातो की.”

छातीइतक्या पाण्यातून तो तारेपर्यंत गेला. मेलेल्या मेंढ्यांपासून सुरुवात केली. कान धरायचा, कापायचा, कमरेच्या फडक्यात खोचायचा. पाणी त्याला तारेवर दाबत होतं, काटे छातीत घुसत होते, सदरा लाल झाला होता. धुळाप्पा काठावरून ओरडत होता, पण काय ओरडत होता ते त्याला स्वतःलाच कळत नव्हतं.

मग एक जिवंत मेंढी आली. मांडीत तार रुतलेली, तोंड तेवढं पाण्यावर. सिद्धरामनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. दोन्ही हात लावले असते तर ती सुटली असती, हे मी शपथेवर सांगतो. पण एका हातात चाकू होता आणि दुसऱ्या हातात तिचा कान. हात लावला आणि निसटली तर? मेंढीही जाईल आणि कानही. त्यानं आधी कान कापला. मेंढी किंचाळली. रक्ताची चिळकांडी त्याच्या डोळ्यात उडाली. चाकू दातात धरून तो तार ओढायला वाकला तोवर एक लोंढा आला आणि मेंढी गेली. मुठीत कान राहिला.

कोंडीबाच्या तोंडातून मी निघालो होतो ते हात मोकळे करायला. त्या हातात चाकू मी दिला नव्हता. पण तिथं माझंच नाव चाललं होतं आणि मी पेढ्याच्या पिशवीत कोरडा बसून बघत होतो.

“बास झालं,” धुळाप्पा आता शुद्धीवर आला. “सिद्ध्या, ये वर. ऱ्हाऊ दे ते.”

सिद्धरामनं मान वळवली. अजून एकच, असं बोट दाखवलं. त्याच वेळी मुळासकट उपटलेली बाभळ येऊन कुंपणावर आदळली. खांब एकामागं एक उखडले. ताणलेली तार सुटली, आसुडासारखी फिरली आणि त्याच्याभोवती गुंडाळली गेली. मग बाभळ, तार, मेंढरं आणि तो, सगळं एकदमच पाण्याखाली गेलं.

धुळाप्पा आणि चिमाबाईनं दोर ओढला. तळहाताची सालटी निघाली तरी ओढला. शेवटी सिद्धराम वर आला. तारेनं गळा चिरला होता. आईनं मूठ उघडून बघितली, तिच्यात कान होता.

त्याच दुपारी मी एमआयडीसीतही होतो, युवराजच्या बॅगेत. पावसानं वीज गेली होती, माग बंद होते आणि टॉवेलचा परदेशी माल वेळेवर जाणार नव्हता. चन्नप्पा म्हणाला, काळजी कशाला, फोर्स मेजर लावा, म्हणजे आमच्याच घराण्याचं इंग्रजी नाव. युवराजनं चार ओळींचं ईमेल पाठवलं. चहा यायच्या आत उत्तर आलं. परदेशातल्या त्या माणसानं लिहिलं होतं, समजलं, माल सवडीनं पाठवा, तुमची माणसं सुखरूप आहेत ना? बस्स. टॉवेलचा कान कुणी मागितला नाही. युवराजनं सुस्कारा सोडला आणि आईला फोन केला, मामाचा मोबाईल लागत नाही म्हणून. लागणार कुठून? तो दावं तोडून गेलेल्या घोड्याच्या पाठीवरच्या सामानात होता.

काही दिवसांनी, उन्हं कलायला, जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून डाव्या कानाला चीर असलेल्या, पुरातून वाचलेल्या मेंढ्या उतरल्या आणि स्कूटरींच्या मधून ओरडत फिरायला लागल्या. वॉचमन धावला, गॅलरीत बायका जमल्या. धुळाप्पा कुणाशी न बोलता वर आला. यावेळी चपला त्यानं काढल्या नाहीत. फडक्याची गाठ हॉलच्या फरशीवर ठेवून सोडली. वास घरभर झाला. पायलनं नाकाला पदर लावला.

“मामा, अहो कुठं होता? फोन नाही, काही नाही,” युवराज म्हणाला. “कान कशाला आणले आता? मी विचारलं असतं का? आणि सिद्धराम कुठाय, खाली टेम्पोत?”

धुळाप्पानं खिशातून पिशवी काढली आणि मला त्या कानांवर ठेवलं.

“हे समदं कान त्यानंच काढल्यात,” तो म्हणाला. “खूण बगून घ्या. खाली जित्राबं हाईत, ती बी बगून घ्या.” मग मोकळे हात पुढं केले. “सिद्ध्याचा कान म्या न्हाय काढला, सायब. पर म्या लेक इकला न्हाय. तेवडं मानून घ्या.”

युवराजला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो भिंतीला धरून खाली बसला. सारजाबाई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती आली आणि तिनं मुलाच्या मुस्काटात मारली. चष्मा कानांच्या ढिगात जाऊन पडला. तिनं पुन्हा मारलं, मग तिसऱ्यांदा, आणि तो हात वर न करता खात राहिला. पायल मध्ये पडायला निघाली, तिलाही म्हातारीनं ढकलून दिलं. सारजाबाईला मी इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं, आणि त्यानं काहीही भरून आलं नाही.

मग ती आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मार देऊन झाल्यावर तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. कप घेऊन आली, धुळाप्पापुढं धरला. चहा बशीत सांडत होता.

धुळाप्पानं कप हळूच परत तिच्याकडं सारला.

“घशाखाली न्हाय जायचा, आक्का,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. सारजाबाई कप घेऊन त्याच्यामागं खाली गेली, पार्किंगमधून, मेंढरांमधून, पार गेटापर्यंत. टेम्पो वळून दिसेनासा झाला तरी ती तिथंच उभी होती.

आता मी युवराजच्या कपाटात, खालच्या खणात आहे. दोन्ही प्रती एकत्र. एकीवर त्या कानांच्या चिखलाचे डाग आहेत. दुसरीवरचं शेवटचं वाक्य युवराजनं पेनानं खोडलं आहे, इतक्या जोरानं की तिथं भोक पडलं आहे. मेंढरं सोसायटीनं ठेवू दिली नाहीत. ती मोडनिंबला एका नातलगाकडं गेली. धुळाप्पा आता कुणाचीच मेंढरं अर्धलीनं घेत नाही, त्यामुळं माझं तोंडातोंडीचं जगणंही थांबलं. युवराज दोनदा त्याच्या गावी जाऊन आला. एकदा दिपालीनं दार उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं.

तुमच्यापैकी कुणी उद्या मला लिहायला बसेल. मला समुद्र द्या, चाचे द्या, युद्ध द्या, माझं पोट मोठं आहे. फक्त शेवटी काहीही मागण्याआधी एक ओळ घाला. सारजाबाई लंगडणाऱ्या मायाप्पाला म्हणाली होती, ती. तू आलास न्हवं, मंग झालं की. कायद्याच्या भाषेत ती कशी लिहायची ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही शिकलेली माणसं आहात, काहीतरी जमवा.

मी धुळाप्पाच्या वाटेकडं डोळे लावून आहे. माझं काम चहावर संपतं, असं मी सांगितलंच. सारजाबाईनं तो कप त्या दिवशी गेटाजवळ मातीत ओतला. तो प्यायला गेला नाही, म्हणून मी अजून मिटलेलो नाही.